बोटभर जागा

रूबेनभाऊ वाक्रूळकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून, आणि पुढच्याच क्षणी ती काच जागेवर उरली नाही.

विलायतेत हाउन्सलोला, उतरणाऱ्या विमानांच्या पोटाखाली त्यांचं गॅरेज होतं. आमचे हे विमानतळावर सामान चढवायच्या कामाला, तिथून त्यांची आणि रूबेनभाऊंची ओळख. फोन घ्यायला आणि गिऱ्हाइकांशी बोलायला बाई हवी आहे असं ह्यांनी सांगितलं, म्हणून मी साडीवर कोट चढवून विचारायला गेले. ऑफिस म्हणजे कोपऱ्यातली काचेची खोली. आत उभी राहून बघते तर एक आडवातिडवा माणूस गाडीखाली उताणा पडून एका बोल्टला आईवरून शिव्या घालतोय, त्याही शुद्ध मराठीत. बोल्ट तुटला. माणूस सरपटत बाहेर आला आणि त्याने हातातला पाना असा भिरकावला की तो काच फोडून माझ्या कानाजवळून मागच्या कॅलेंडरवर जाऊन आदळला.

मी थिजले. ते आत आले, झाडू घेतला, सगळ्या काचा स्वतः गोळा केल्या, आणि मग वर बघून म्हणाले, "लागलं नाही ना, वहिनी? मग उद्यापासून या. चहात साखर किती?"

मी म्हटलं, आधी काच बसवा, मग साखरेचं बोलू. ते हसले. काच काही बसली नाही, जाड प्लास्टिक ठोकलं, आणि त्या प्लास्टिकमागे बसून मी पुढची कितीतरी वर्षं काढली. लोक मला विचारायचे, अशा माणसाकडे कशी टिकलीस बाई. अहो, माझं तोंड काय कमी होतं का? ते ओरडायचे, मी ओरडायची. गिऱ्हाइक बिचारं मध्ये उभं राहून हातातली किल्ली चाचपायचं.

रूबेनभाऊ म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. मूळ गाव अलिबागकडचं, जन्म मुंबईचा, आणि मराठी अशी की माझ्या सासूबाईंनी कान धरून शिकावी. ते सांगायचे, "आमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव पाडलं शनिवार तेली. मी तरी काय वेगळं करतो? तेलातच आहे, आणि शनिवारी बंद आहे." गॅरेजवाल्याला शनिवार म्हणजे सुगीचा वार. बाकीचे सगळे उघडे, आमचं शटर खाली. एकदा एक गिऱ्हाइक, गोरा, चांगला धिप्पाड, शनिवारी येऊन शटरला लाथा घालायला लागला. रूबेनभाऊंचं घर मागच्याच गल्लीत. ते पांढराशुभ्र सदरा घालून शांतपणे चालत आले. त्या दिवशी मी तिथूनच बाजाराला निघाले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी त्याची मानगूट धरली आणि त्याचं कपाळ शटरवर आपटलं. परत आपटलं. मग खिशातून रुमाल काढून त्याच्या नाकाला लावला आणि म्हणाले, नशीब समज, आज मी हत्याराला हात लावत नाही.

खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटली. तेव्हा आम्हाला त्यांच्या रागाची गंमतच वाटायची. नुसती गंमत नाही, आधारही वाटायचा. ते दिवसच तसे होते. टकलू गोऱ्या पोरांच्या टोळ्या जाड बूट घालून फिरायच्या, आमच्यासारख्यांच्या दारावर रंग फासायच्या, थुंकायच्या. एका दुपारी मी गॅरेजच्या दारात फुटपाथ झाडत होते आणि त्यातल्या एकाने माझा पदर धरून ओढला. पिन निघाली, मी गुडघ्यावर आपटले. ती पोरं हसत होती तेवढ्यात रूबेनभाऊ आतून आले. हातात चाकाचे नट खोलायचा लोखंडी पाना होता. पदर धरणाऱ्याच्या खांद्याचं हाड मोडलेलं मी ऐकलं. ऐकलं म्हणजे खरंच ऐकलं, भेंडी मोडावी तसा आवाज आला. दुसऱ्याने त्यांच्या डोक्यात बाटली घातली, तरी ते थांबले नाहीत. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं आणि ते मारत होते. पोलिस आले आणि अर्थातच त्यांनाच आधी गाडीत घातलं. मी त्यांच्या बायकोला, साराबाईंना, जाऊन सांगितलं तर त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "जिवंत आहे ना? मग जेवायला येईल."

त्या दिवशी मला वाटलं, असा राग देवाने प्रत्येक गल्लीत एका माणसाला तरी द्यावा.

साराबाई म्हणजे गाईचा अवतार. त्यांच्या घरी काचेचं भांडं नव्हतं. ताटं स्टीलची, पेले स्टीलचे, पाहुण्याला चहासुद्धा स्टीलच्या पेल्यात. आमच्याकडे काचेचं काही टिकत नाही हो, असं त्या हसून सांगायच्या. घरात फोटो फार होते आणि ते भलत्याच उंचीवर लावलेले. एक कमरेशी, एक दाराच्या मागे, एक तर चुलीच्या शेजारी, जिथे तेल उडतं. मलिद्याच्या दिवशी, म्हणजे त्यांच्याकडे एलियाहू नबीच्या नावाने पोहे, गूळ, खोबरं आणि फळं ठेवतात त्या दिवशी, मी त्यातला एक फोटो पुसायला म्हणून काढला. मागे भिंतीला मुठीएवढं भगदाड. साराबाईंनी माझ्या हातातून फोटो घेऊन परत लावला आणि केळं सोलून दिलं. आम्ही दोघी हसलो.

रूबेनभाऊंना मात्र एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. ते चारचौघांत सांगायचे, "एवढा तापट मी, पण बायको-पोरीवर कधी बोट उचललं नाही. घरच्या बाईवर हात टाकतो तो मर्दच नव्हे." आणि ते खरं होतं. पोरीवर, रीनावर, तर त्यांचा जीव. ती शाळेतून थेट गॅरेजात यायची, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यास करायची. इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायची, आणि ते बरोबर निघालं की रूबेनभाऊ गिऱ्हाइकाला सोडून सगळ्या गॅरेजला ऐकवत फिरायचे. मराठी तिची तिकडच्या पोरांसारखी, 'माझा गाडी', 'तो खुर्ची', पण बोलायची हट्टाने.

रागीट माणूस कामातही धसमुसळा असेल असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. गंजून बसलेला बोल्ट त्यांनी एकदा तोडला तो तोडला, मी आले त्या दिवशी. नंतर नाही. तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, ज्योतीने भोवतालचं लोखंड तापवायचं, मग अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. तोंडाने अखंड शिव्या, पण हात बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या सुइणीचा. आणि कुठलाही नवा भाग बसवला की एक रीत होती. भोवताली सगळीकडून बोट फिरवायचं. गरम झालं की लोखंड फुगतं, जोर दिला की इंजिन हलतं, म्हणून दोन भागांमध्ये बोटभर जागा हवीच. 'जिथे माझं बोट जात नाही तिथून गाडी बाहेर जात नाही,' हे त्यांचं बोलणं आमच्या वेल्डरला, टेरीलासुद्धा पाठ झालं होतं, त्याच्या इंग्रजी उच्चारात. दुसरी रीत अशी की पहिली फेरी गॅरेजवाल्याची. गाडी ते चालवणार, मालक शेजारी बसणार. काही व्हायचं असेल तर माझ्या हातात होऊ दे, म्हणायचे.

रीनाने निखिलशी लग्न ठरवलं तेव्हा मला वाटलं आता घरात युद्ध होणार. मुलगा हिंदू, पिनरसारख्या श्रीमंत भागातला, आईवडील दोघं डॉक्टर. पण रूबेनभाऊ विरघळले. पोरगा मराठी बोलतो, गाड्यांवर जीव टाकतो, अजून काय पाहिजे. निखिल होताच तसा. उंच, गोरागोमटा, घरं विकायच्या कामात, सगळ्यांशी गोड. मला 'आँटी, तुमची चहा बेस्ट आहे' म्हणायचा. मी पण भुलले, कप्पाळ माझं.

लग्न झालं. त्याच्याकडे एक जुनी अमेरिकन गाडी होती. आठ सिलिंडरची, लांबलचक, दोनच दारं, आवाज असा की शेजारच्या दुकानाच्या काचा थरथराव्यात. आधीच्या मालकाने इथल्या रस्त्यांसाठी तिचं स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणलेलं. निखिलला गाडीत आणखी ताकद हवी होती. इंजिनातून धूर बाहेर नेणारा ओतीव लोखंडाचा जाड नळ, ज्याला आम्ही मॅनिफोल्ड म्हणतो, तो काढायचा आणि त्या जागी वाकवलेल्या पातळ नळ्यांचा जुडगा बसवायचा. त्याला अमेरिकेत हेडर म्हणतात. इंजिनाला श्वास मोकळा मिळतो. निखिलने ते हेडर कुणाला न विचारता अमेरिकेहून मागवले, चकचकीत, आणि घेऊन आला. रूबेनभाऊंनी खोकं उघडलं, उजव्या बाजूचा जुडगा हातात फिरवून बघितला आणि कपाळाला हात लावला. तो बनवला होता डावीकडे स्टिअरिंग असणाऱ्या गाडीसाठी. इथे उजव्या बाजूला, नेमकी जिथून नळी जाणार तिथूनच, स्टिअरिंगचा दांडा खाली उतरत होता.

त्यांनी निखिलला समजावलं. मीही ऐकत होते, म्हणून मला कळलं. नळी दांड्याच्या सांध्याला टेकली तर उभ्या गाडीत काही वाटणार नाही. पण जोरात पिकअप दिला की हे इंजिन उजवीकडे खाली दबतं. नळी सांध्यावर बसणार आणि स्टिअरिंग आहे तिथे अडकणार. वळणावर असलास तर वळतच राहशील, सरळ असलास तर समोरच्यावर. नळी तापवून, ठोकून आत घ्यावी लागेल, नाहीतर कापून नवा तुकडा जोडावा लागेल. निखिल म्हणाला, "अंकल, तुम्ही हातोडा चांगला चालवता, रीना सांगते." आणि हसला. रूबेनभाऊही हसले.

काम सुरू झालं. जुने मॅनिफोल्ड निघता निघेनात, तेल मुरत होतं. त्याच आठवड्यात एका दुपारी रीना आली. उन्हाळा, आणि पोरगी मनगटापर्यंत बाह्या असलेला शर्ट घालून. गाडी बघायला वाकली तर हाताला काळं लागलं. गॅरेजच्या बेसिनपाशी जाऊन तिने सवयीने बाह्या वर केल्या आणि वाळूच्या साबणाचा गोळा घेतला. तिच्या दंडावर पाच बोटं उमटली होती. निळी, कडेने पिवळी. कोपराच्या वर एक जुना व्रण, भाजल्यासारखा. मी बघितलं. साबणाचा डबा पुढे करायला आलेल्या रूबेनभाऊंनी बघितलं. तिने बाह्या खाली ओढल्या, ओल्याच.

ते ओरडले नाहीत. पाना फेकला नाही. डब्याचं झाकण लावलं आणि गाडीखाली गेले. मी त्या माणसाचा आरडाओरडा इतकी वर्षं ऐकला होता, पण मला त्यांची भीती वाटली ती त्या दिवशी.

रीनाला मी ऑफिसात बसवून विचारलं. ती म्हणाली, इट्स नथिंग, आँटी, तो सॉरी म्हणतो नंतर. घरी जा आईकडे, मी म्हटलं. ती प्लास्टिकमधून गाडीखालच्या बापाच्या पायांकडे बघत राहिली.

दोन दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, गाडी तयार म्हणून रूबेनभाऊंनी स्वतः फोन केला. गाडी खाली उतरवताना मी तिथे होते. एरवी अशा वेळी ते मला हाक मारायचे, वहिनी, दिवा धरा, आणि मी दिवा धरला की नळीभोवती बोट फिरवायचे. त्या दिवशी हाक नाही. मीच दिवा घेऊन गेले, वाकून बघितलं. उजवी नळी दांड्याच्या सांध्याला चिकटल्यासारखी होती. पोस्टकार्ड गेलं असतं मधून, बोट नाही. शेजारी हातोडा पडला होता आणि नळीवर एक घाव नव्हता.

मी म्हटलं, "रूबेनभाऊ, बोट घातलं नाहीत."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा ठेवा, वहिनी. जावई येतोय."

निखिल आला, रीनाला घेऊन. रूबेनभाऊ स्वच्छ शर्ट घालून उभे होते, शनिवारचा. पहिली फेरी माझी, म्हणाले, विमानतळामागच्या सरळ रस्त्याला नेऊ, तिथे हिचा जोर कळेल. निखिल खुशीत. म्हणजे हा माणूस त्याच्यासकट स्वतःलाही घालवायला निघाला होता. रीना ऑफिसात माझ्यासमोर कप धरून बसली होती. मी तिला सांगितलं, तुझ्या पप्पांनी आज बोट घातलं नाही. गॅरेजवाल्याची पोर ती, तिला अर्थ सांगावा लागला नाही. तिने एवढंच विचारलं, "आर यू शुअर, आँटी?" मी मानेनेच हो म्हटलं.

तिने कप खाली ठेवला. मला वाटलं ओरडेल, धावत जाऊन थांबवेल. ती सरळ चालत गेली, निखिलला म्हणाली, मी पण येते. तो कुरकुरत उतरला, सीट पुढे पाडली, आणि ती मागे जाऊन बसली. तो परत शेजारी बसला, दार लावलं.

इंजिन चालू होतं. त्या आवाजाने माझे पाय हलत होते. रूबेनभाऊंनी आरशात मागे बघितलं, आणि किती तरी वेळ बघतच राहिले. मग किल्ली फिरवली. आवाज बंद झाला.

"रीना, उतर."

"नाही. चालवा, पप्पा."

"गाडी झालेली नाही अजून."

"मग तुम्ही का बसलात आत?"

निखिल दोघांकडे आळीपाळीने बघत काय चाललंय म्हणून विचारत होता. रूबेनभाऊ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर भिंतीकडे बघत, हवामान सांगावं तसं म्हणाले की नळी सांध्याला टेकलेली आहे, पिकअप दिला की स्टिअरिंग अडकणार. निखिलला समजायला क्षणभर लागला. मग तो लालबुंद होऊन उतरला आणि शिव्या द्यायला लागला, म्हातारा खुनी आहे, वेडा आहे. आणि सीट पाडून त्याने रीनाला दंडाला धरून बाहेर खेचलं. त्याच दंडाला. ती काँक्रीटवर गुडघ्यांवर पडली.

पुढचं मी कितीदा तरी विसरायचा प्रयत्न केला. रूबेनभाऊ गाडीला वळसा घालून कसे आले ते दिसलंच नाही. त्यांनी निखिलचे केस धरून त्याचं तोंड बॉनेटच्या कडेवर मारलं. दात तुटून जमिनीवर पडले. तो खाली पडला तर त्याच्या बरगड्यांत लाथ, परत लाथ. तो गोडबोल्या पोरगा आईला हाका मारत होता, मराठीत. टेरी मागून त्यांच्या कमरेला लटकला, मी सदरा धरला, तो माझ्या हातात फाटला. त्यांनी वाकून हातोडा उचलला. टेरी त्यांच्या हाताला लोंबकळत होता आणि ते त्याच्यासकट हात वर नेत होते. मी ओरडत होते. मी आजवर कुणाच्या नावाने तसं ओरडले नाही.

रीना उठली होती. गुडघे फुटलेले. ती मध्ये पडली नाही. ती बेसिनपाशी उभी राहून हळूच बोलली, पण हातोडा थांबला.

"पप्पा, तुम्ही मम्मीला कधी नाही मारलं. तिच्या बाजूचा भिंत मारला. मी लहान होती, मला वाटायचं, नवरा असंच असतो, आणि भिंत आहे तोपर्यंत सगळं ठीक आहे." मग खाली निखिलकडे बघून म्हणाली, "ह्याने भिंत नाही शोधला, एवढाच फरक."

वरून विमान गेलं. रूबेनभाऊंचा हात खाली आला.

तिने माझ्या टेबलावरची पर्स घेतली आणि गॅरेजबाहेर पडली. रस्ता ओलांडून स्टेशनकडे गेली. नवऱ्याला सोडून गेली, म्हणजे तिच्या बापाला हवं होतं तेच झालं. पण ती आईबापाच्या घराकडेही वळली नाही. मी दारापर्यंत धावले, हाक मारली. तिने ऐकलं असेल, थांबली नाही.

निखिलला दवाखान्यात नेलं. पोलिसांत कुणी गेलं नाही. पिनरच्या डॉक्टरसाहेबांना सुनेच्या दंडावरच्या वळांबद्दल उत्तरं द्यायची नसावीत. तो गेल्यावर मला वाटलं आता रूबेनभाऊ गाडीचा चक्काचूर करणार. त्यांनी गाडी परत वर चढवली. नळी काढली, कापली, टेरीकडून नवा तुकडा जोडून घेतला, परत बसवली. मग हाक आली, वहिनी, दिवा धरा. मी दिवा धरला. सगळीकडून बोट फिरलं. तेल पुसत म्हणाले, "आता मेला तर स्वतःच्या कर्माने मरेल." हे मात्र अगदी त्यांचंच बोलणं होतं, आणि मला रडू फुटलं.

रीनाने घटस्फोट घेतला, मेडनहेडला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी धरली. आईला फोन करायची, बाप जागेवर नसेल तेव्हा. काही महिन्यांनी मुलगी झाली. साराबाईंनी बोटांवर हिशोब केला आणि नवऱ्याला सांगितलं, ती त्या दिवशी मागच्या सीटवर बसली तेव्हा एकटी नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं, ताटावरून उठले, आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. साराबाई मला म्हणाल्या, मी बाहेर उभी राहून काहीतरी फुटायची वाट बघत होते, काहीच फुटलं नाही. मला त्यांची दया आली आणि रागही आला. अजून दोन्ही येतात.

रविवारी साराबाई तिथल्या नदीकाठच्या एका हॉटेलच्या बागेत नातीला भेटायला जायच्या. बापाचं काय, असं त्यांनी लेकीला विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "ज्या दिवशी मला त्यांच्या हातांवर नजर ठेवत बसावं लागणार नाही, त्या दिवशी आणा." त्यामुळे रूबेनभाऊ बायकोला व्हॅनमधून मेडनहेडला न्यायचे, हॉटेलापासून लांब गाडी लावायचे, आणि ती परत येईपर्यंत आत बसून राहायचे. आधी पावसाळी कोट घालून, मग उन्हाळ्यात खिडकी उघडी टाकून. त्यांनी एकदाही खाली उतरतो म्हटलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. गॅरेज विकलं होतं, आम्ही लेकाकडे दुसऱ्या गावी राहायला जाणार होतो, म्हणून साराबाई म्हणाल्या, चल, रीनाला भेट. भेटले, गळ्यात पडून रडले, आणि मग म्हटलं जरा त्यांच्यापाशीही बसते. व्हॅनमध्ये शेजारी जाऊन बसले. थकले होते. केस पांढरे, मान बारीक झालेली. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मी विचारलं, थंडी वाजतेय का? ते म्हणाले, "नाही. तिला तिथून दिसतं."

लांब टेबलापाशी रीना उभी होती, खरंच इकडे बघत. तिची पोरगी, मिरियम, चारेक वर्षांची, हातात चिप्सचा द्रोण घेऊन मधल्या गवतात रेंगाळत होती. आजीकडून आईकडे, आईकडून आजीकडे, आणि मग एकदम आमच्या दिशेने चालायला लागली. मला वाटलं रीना हाक मारेल. तिने हाताची घडी घातली आणि उभी राहिली.

पोरगी खिडकीखाली आली, टाचा उंचावल्या, एक चिप वर धरली. खारट बोटं, व्हिनेगरचा वास. रूबेनभाऊंनी तिच्याकडे बघितलं, मग लांब लेकीकडे बघितलं. मान वाकवून खिडकीबाहेर काढली आणि तोंडाने चिप घेतली. मिरियमला ते फार आवडलं. ती खिदळली आणि दुसरी निवडायला द्रोणात बघू लागली. रूबेनभाऊ तसेच वाकून राहिले, तोंड उघडं, गालांवरून पाणी वाहतंय, आणि ते पुसायलाही त्यांनी हात बाहेर काढले नाहीत.